मंगळावरचे लांबच लांब चर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीतून मंगळ दाखवला की बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "एवढासाच?" मग मी यानांनी काढलेले फोटो उघडतो. त्यांतल्या पट्टीने आखल्यासारख्या लांब रेघा दिसल्या की लहानथोर सगळे पुढे सरकतात आणि प्रश्न सुरू होतात. पुन्हा पुन्हा आलेले हे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत, म्हणून ती इथे लिहीत आहे.

या रेघा म्हणजे नक्की काय आहे?

जमीन दोन बाजूंना ताणली गेली आणि मधला पट्टा खाली बसला, की अशी लांब, अरुंद दरी तयार होते. शाळेच्या भूगोलात आपण तिला खचदरी म्हणतो. नर्मदा आणि तापी खचदरीतून वाहतात, हे वाक्य परीक्षेसाठी आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. मंगळावरच्या या रेघा त्याच जातीच्या आहेत.

मंगळाच्या नकाशावर अशा दरीच्या नावापुढे 'फॉसा' लिहिलेले असते. त्याचे अनेकवचन 'फॉसी'. लॅटिनमध्ये याचा अर्थ चर किंवा खंदक. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहांवरच्या लांब, अरुंद खोलगट भागांसाठी हा शब्द ठरवला. नावात फक्त आकार सांगितला आहे, कारण नाही. खंदक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्याभोवतीचा खंदक येतो, म्हणजे कुणीतरी खणलेला. मंगळावरची ही जमीन खणली गेलेली नाही, खचलेली आहे. फरक एकाच अक्षराचा आहे, पण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

जमीन ताणली तर ती फाटेल. मधला पट्टा खाली का बसतो?

हे घरी करून बघा, मी मुलांना नेहमी करायला सांगतो. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या आणि एकाची कड दुसऱ्यावर थोडी चढवून ठेवा. त्यावर तीन-चार सेंटीमीटर जाडीचा मैद्याचा थर द्या आणि तळहाताने हलकेच दाबून सपाट करा. आता दोन्ही पुठ्ठे अगदी सावकाश एकमेकांपासून दूर ओढा. आधी वरच्या बाजूला दोन बारीक समांतर भेगा दिसतील. मग त्यांच्या मधली पट्टी हळूच खाली उतरेल.

कारण असे की खडकातल्या भेगा सरळ उभ्या जात नाहीत, तिरप्या जातात. दोन्ही बाजूंच्या भेगा आत झुकलेल्या असतात आणि खाली कुठेतरी एकमेकींना मिळतात. त्यामुळे मधला ठोकळा पाचरीसारखा होतो. बाजूच्या भिंती लांब सरकल्या की पाचर आपल्याच वजनाने खाली बसते. भेगेच्या दोन बाजूंचे खडक असे एकमेकांवरून सरकतात, त्याला प्रस्तरभंग म्हणतात.

यात अभ्यासकांच्या फार उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. अशा भेगांचा उतार साधारण ६० अंशांचा धरला, तर दरीच्या रुंदीवरून त्या किती खोलवर एकत्र येत असतील याचा अंदाज बांधता येतो. दोन किलोमीटर रुंद दरीखाली त्या सुमारे पावणेदोन किलोमीटरवर मिळतील. वरून काढलेल्या एका फोटोतून जमिनीखालचे असे काही कळते, याचे मला आजही नवल वाटते.

मैद्याऐवजी कोरडा रवा घेतला आणि पुठ्ठे एकमेकांवर न चढवता नुसते चिकटून ठेवले, तर वेगळेच घडते. खाली फट उघडते, रवा तिच्यात ओघळतो आणि वर शंकूच्या आकाराचे खड्डे एका ओळीत पडतात. मंगळावर अशाही खड्ड्यांच्या माळा आहेत, पुष्कळदा याच दऱ्यांच्या सोबतीने. त्यांना 'कॅटेना' म्हणतात, म्हणजे साखळी. उल्का पडून झालेल्या विवराभोवती उडालेल्या मातीची उंचावलेली कड असते. या खड्ड्यांना ती नसते, त्यामुळे ओळखायला सोपे जाते.

मंगळाला एवढा ताण कुठून आला? तिथे तर भूपट्ट सरकत नाहीत.

बरोबर, पृथ्वीसारखे सरकणारे भूपट्ट मंगळावर नाहीत. तिथला मोठा ताण मुख्यतः एका प्रचंड फुगवट्यामुळे आला. त्याचे नाव थार्सिस. ऑलिंपस मॉन्स हा सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ज्वालामुखी या फुगवट्याच्या कडेला आहे आणि आणखी तीन मोठे ज्वालामुखी त्याच्या माथ्यावर ओळीने उभे आहेत. कोट्यवधी वर्षे लाव्हा साचत गेला, खालून शिलारस चढत राहिला आणि त्या वजनाखाली ग्रहाचे कवच वाकले. भोवतालची जमीन ताणली गेली आणि फुगवट्यापासून दूर जाणाऱ्या भेगा पडल्या, छत्रीच्या काड्या मधल्या दांड्यापासून निघतात तशा. मेम्नोनिया, सायरेनम, थॉमेशिया, टेंपे या नावांच्या फॉसी नकाशावर शोधल्या तर त्यांच्या रेघा मागे थार्सिसकडे नेता येतात. सायरेनम फॉसीची लांबी अडीच हजार किलोमीटरहून जास्त आहे.

दुसरेही एक कारण सांगितले जाते आणि ते आपल्या धुळे-नंदुरबारच्या लोकांनी जरूर ऐकावे. शिलारस वर येताना कधीकधी जमिनीपर्यंत पोचत नाही. खडकातल्या उभ्या फटीत घुसून तो तिथेच थिजतो. या उभ्या पातळ भिंतीला भूशास्त्रज्ञ डाइक म्हणतात. ती घुसताना वरची जमीन ताणली जाते आणि तिच्या डोक्यावर खचदरी तयार होऊ शकते. मंगळावरच्या कित्येक फॉसींखाली अशा डाइक असाव्यात असे मानले जाते. तिथे त्या दिसत नाहीत, कारण वरचे खडक फारसे झिजलेले नाहीत. आपल्याकडे दख्खनच्या बेसॉल्टवर लक्षावधी वर्षे पाऊस पडला, वरचे थर धुपले आणि धुळे-नंदुरबार भागातल्या डाइक उघड्या पडल्या. लांब, सरळ, काळ्या टेकड्यांच्या रांगा म्हणून त्या आज उभ्या दिसतात. मंगळावर दरी दिसते आणि भिंत झाकलेली आहे, आपल्याकडे भिंत उरली आहे.

इतक्या सरळ रेघा निसर्गात असतात का? कुणीतरी केल्यासारख्या वाटतात.

असतात. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा आठवा. ती माती सगळ्या बाजूंनी आक्रसते, म्हणून भेगांची जाळी होते. ताण एकाच दिशेने आला की भेगा त्या ताणाला आडव्या आणि एकमेकींना समांतर पडतात, आणि खडक एकसारखा असेल तर लांबवर सरळ जातात. मंगळावर दोन्ही प्रकार आहेत. व्हॅलेस मरिनेरिस या प्रचंड दरीच्या पश्चिम टोकाला नॉक्टिस लॅबिरिंथस नावाचा भाग आहे, त्याचा अर्थ रात्रीचा चक्रव्यूह. तिथे ताण वेगवेगळ्या दिशांनी आला, म्हणून दऱ्या एकमेकींना छेदत गेल्या आणि सगळा प्रदेश भेगाळलेल्या रानासारखा दिसतो.

मग जुन्या काळी दिसलेले 'मंगळावरचे कालवे' ते हेच का?

नाही. १८७७ मध्ये इटलीच्या जोव्हान्नी शियापरेल्ली यांनी दुर्बिणीतून बघून नकाशा केला आणि त्यातल्या रेषांना इटालियनमध्ये 'कनाली' म्हटले. त्या शब्दाचा अर्थ नुसता ओघळ किंवा वाट असाही होतो. इंग्रजीत जाताना त्याचे कालवे झाले, आणि अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी ते बुद्धिमान प्राण्यांनी खोदले असल्याचे वर्षानुवर्षे मांडले. त्या रेषांपैकी बहुतेक सगळ्या डोळ्यांचा भास होता. अंधूक ठिपके दिसले की मेंदू ते रेघेने जोडतो. खऱ्या फॉसी इतक्या अरुंद आहेत की त्या काळच्या दुर्बिणीत त्या दिसणे शक्यच नव्हते.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. त्या नकाशांवरचा 'अगाथोडेमन' नावाचा कालवा व्हॅलेस मरिनेरिसच्या जागेशी बराचसा जुळतो. तेवढी एक रेघ खरी निघाली. आणि शियापरेल्ली यांचे ऋण नावांमध्येही उरले आहे. सायरेनम, मेम्नोनिया, सर्बेरस ही नावे दुर्बिणीतून दिसणाऱ्या फिकट-गडद पट्ट्यांना आधी दिलेली होती, तीच पुढे तिथल्या दऱ्यांना मिळाली.

व्हॅलेस मरिनेरिस ही मोठी दरीसुद्धा यातलीच आहे का?

सुरुवात तशीच झाली. थार्सिसच्या पूर्वेला ताणाने भेगा पडल्या, जमीन खचली आणि समांतर दऱ्यांची एक माळ तयार झाली. पण पुढे ती खचदरीपुरती राहिली नाही. कडे कोसळले, प्रचंड दरडी तळावर पसरल्या, पूर्वेकडच्या टोकाला पाण्याच्या पुरांनी जमीन कापली, वाऱ्याने थर कोरले. आज तिची लांबी सुमारे ४,००० किलोमीटर आहे आणि खोली ठिकठिकाणी ७ किलोमीटर किंवा त्याहून जास्त. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर भरते, म्हणजे ही दरी आपल्या देशात मावणार नाही. खोलीचा अंदाज हवा असेल तर १,६४६ मीटरची चार कळसूबाई एकावर एक रचा. तरीही वरच्या शिखरावरून दरीची कड वरच राहील.

तिचा शोध मरिनर ९ या यानाने लावला, म्हणून तिला ते नाव. नोव्हेंबर १९७१ मध्ये ते मंगळाभोवती फिरू लागले, दुसऱ्या ग्रहाभोवती फिरणारे ते पहिले यान. पोचले तेव्हा सबंध ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. धूळ बसू लागली तशी आधी ज्वालामुखींची टोके वर आली आणि नंतर ही दरी उघडी झाली. त्या आठवड्यांत फोटो उतरवून घेणाऱ्यांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

म्हणजे पाण्याचा या चरांशी काही संबंध नाही?

दऱ्या पाण्याने केल्या नाहीत, पण कित्येकींतून पाणी बाहेर आले. यातले माझे आवडते उदाहरण मंगला व्हॅलेस. हो, आपलाच मंगळ. मंगळावरच्या मोठ्या जलवाहिन्यांना जगातल्या निरनिराळ्या भाषांतली मंगळाची नावे दिली आहेत. ग्रीकमधले एरीस, जपानीमधले कासेई, आणि संस्कृतमधले मंगल. ही मंगला वाहिनी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे जाते. तिचा उगम शोधत दक्षिणेला गेलात, तर ती एका खचदरीच्या कडेवर पडलेल्या खिंडीसारख्या खाचेपाशी अचानक सुरू होते. त्या दरीला मंगला फॉसा म्हणतात. मागे ना उपनद्या, ना डोंगरउतार. जमिनीखाली, गोठलेल्या थराच्या आत कोंडलेले पाणी भेग पडल्यावर एकदम उसळून बाहेर आले आणि खाचेतून वाहून गेले, असा याचा अर्थ लावतात.

निली फॉसी वेगळ्या आहेत. त्या थार्सिसच्या नाहीत. सुमारे ३.९ अब्ज वर्षांपूर्वी एक अवाढव्य उल्का आदळून इसिडिस नावाचे खोरे झाले आणि त्याच्या कडेने कमानीसारख्या या दऱ्या खचल्या. त्यांच्या भिंतींत मंगळाचे फार जुने खडक उघडे पडले आहेत, त्यांत पाण्याशिवाय तयार न होणारी चिकणमातीची खनिजेही आहेत. इथल्याच प्रदेशातून वाहिलेल्या नद्यांनी शेजारच्या जेझेरो विवरात गाळ आणून टाकला. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स रोव्हर त्याच विवरात उतरला.

हे सगळे फार जुने दिसते. आज तिथे काही घडते का?

घडते. एलिसियम प्लानिशिया या मैदानात सर्बेरस फॉसी नावाच्या समांतर भेगा आहेत. एकूण लांबी हजार किलोमीटरहून जास्त, रुंदी कुठे काही मीटर तर कुठे किलोमीटरच्या वर, आणि कडा इतक्या ताज्या की काल सुरीने कापल्यासारख्या.

तिथले मोठे फोटो जवळून बघा. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्यात जेवणाच्या टेबलाएवढी वस्तूही ओळखू येते. दरीच्या उतारावर धोंडे विखुरलेले दिसतात. त्यांतल्या काहींच्या मागे धुळीत उमटलेली माग-रेघ आहे. धोंडा जिथे टप्पा घेऊन उसळला तिथे ती तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. मंगळावर वारा आहे, धूळ सतत हलते, असे माग तो पुसून टाकतो. ते शिल्लक आहेत म्हणजे धोंडे अलीकडे घरंगळले. २०१२ मध्ये संशोधकांनी असे धोंडे मोजले. दरीच्या एका भागात ते जास्त आणि मोठे होते, आणि तिथून दूर जावे तसे कमी होत होते, भूकंपाच्या केंद्राभोवती असावे तसे. जमीन हादरत असावी, असे त्यांनी मांडले.

तेव्हा मंगळावर चालू भूकंपमापक नव्हता. २६ नोव्हेंबर २०१८ ला इनसाइट यान त्याच मैदानात, या भेगांपासून दीड हजार किलोमीटरहून थोडे दूर उतरले आणि त्याने फ्रान्सच्या अवकाश संस्थेच्या नेतृत्वाखाली बनवलेला भूकंपमापक जमिनीवर ठेवला. एप्रिल २०१९ मध्ये पहिला हादरा नोंदला गेला. त्याच वर्षीच्या मे आणि जुलै महिन्यांत आलेले दोन ठळक हादरे कुठून आले ते काढल्यावर बोट सर्बेरस फॉसीवर गेले. पुढे आणखी आले. चार वर्षांत १,३०० हून अधिक हादरे नोंदले गेले आणि ज्यांचे ठिकाण सांगता आले त्यांतले बरेचसे याच भेगांचे निघाले. त्या हादऱ्यांच्या स्वरूपावरून खालचा खडक अजून उबदार असावा असे दिसते. भेगेशेजारी ज्वालामुखीच्या राखेचा एक गडद डाग आहे, त्याचे वय एक लाख वर्षेसुद्धा नाही. अंदाज सुमारे ५३,००० वर्षांचा आहे. २०२२ मध्ये तर या मैदानाखाली सुमारे ४,००० किलोमीटर रुंदीचा तप्त प्रावरणाचा स्तंभ अजूनही वर येत असावा, असा विचार मांडला गेला.

मंगळ हा मेलेला ग्रह आहे, असे मी स्वतः कार्यक्रमांत वर्षानुवर्षे सांगत होतो. आता सांगत नाही.

तिथले भूकंप किती मोठे असतात?

लहान. सर्वांत मोठा ४ मे २०२२ ला झाला, ४.७ तीव्रतेचा. तो सर्बेरस फॉसीचा नव्हता, पण त्याची कंपने तासन्‌तास टिकली. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६ च्या वरचा होता. डिसेंबर २०२२ मध्ये धुळीने सौर पट्ट्या झाकून इनसाइटचे काम थांबले आणि ते ऐकणे तिथे संपले.

एखादी दरी जुनी की नवी, हे फोटोवरून कसे ओळखायचे?

कोण कुणाला कापते ते बघायचे. अल्बा मॉन्स या ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर टँटलस फॉसी आहेत, १० किलोमीटरपर्यंत रुंद आणि ३५० मीटरपर्यंत खोल. मार्स एक्सप्रेस यानाच्या फोटोंत तिथले एक गोल विवर दरीने मधोमध कापलेले दिसते. विवर आधी होते म्हणूनच ते कापले गेले. विवर जर दरीवर अखंड बसलेले असेल, तर ते नंतरचे. वर्षांमधले वय काढायला विवरांची संख्या मोजावी लागते, पण क्रम लावणे शाळकरी मुलालाही जमते.

मला फोटोत दरी दिसतच नाही, उंच वरंबा दिसतो. असे का?

हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण हे सगळ्यांना होते. उजेड वरून येतो हे आपल्या मेंदूने गृहीत धरलेले असते. फोटोत सूर्य खालच्या बाजूला असेल तर खोलगट भाग उंच वाटतो. फोन उलटा धरून बघा, क्षणात दरी होते. तरीही खात्री नसेल तर जवळचे एखादे गोल विवर शोधा. ते खड्डाच असणार, आणि त्यात सावली ज्या बाजूला आहे त्यावरून बाकीचे वाचा.

आपल्या मंगळयानाने या दऱ्या टिपल्या का?

टिपल्या. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरले. त्याची कक्षा फार लांबट होती, त्यामुळे दूर असताना सबंध गोल एका फोटोत यायचा आणि जवळ आल्यावर बारकावे दिसायचे. जुलै २०१५ मध्ये त्याने व्हॅलेस मरिनेरिसमधल्या ओफिर कॅझ्मा या दरीचा फोटो घेतला आणि इस्रोने तो त्रिमिती स्वरूपात प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये यानाशी संपर्क तुटला. तो फोटो मी प्रत्येक कार्यक्रमात दाखवतो, आणि तो अहमदाबादेत घडलेल्या कॅमेऱ्याने काढला आहे हे आवर्जून सांगतो.

शुक्रावर असे काही आहे का?

आहे, पण दाट ढगांमुळे ते रडारनेच दिसते. १९९० नंतर मॅगेलन यानाने केलेल्या नकाशांत डेव्हाना कॅझ्मासारख्या हजारो किलोमीटरच्या खचदऱ्या आहेत.

घरच्या दुर्बिणीतून मंगळावरच्या दऱ्या दिसतील का?

फॉसी नाही दिसणार. मंगळ पृथ्वीच्या जवळ येतो त्या दिवसांत, सुमारे दर २६ महिन्यांनी, चांगल्या मोठ्या दुर्बिणीत व्हॅलेस मरिनेरिसच्या जागी गडद पट्टी जाणवू शकते. पुढची वेळ फेब्रुवारी २०२७.

पण खचदरी डोळ्यांनीच बघायची असेल तर चंद्राकडे वळा. शुद्ध सप्तमी-अष्टमीला चंद्राच्या मध्यभागी, उजेड आणि काळोखाच्या सीमेजवळ रीमा अ‍ॅरिअ‍ॅडेउस शोधा. सुमारे ३०० किलोमीटर लांबीची ही खरीखुरी खचदरी छोट्या दुर्बिणीतही केसासारखी सरळ दिसते. नवमीच्या आसपास दक्षिणेकडच्या मारे नुबियममध्ये रूपेस रेक्टा बघा. तो एकच प्रस्तरभंग आहे, शंभरहून जास्त किलोमीटर लांब, आणि वाढत्या चंद्रावर त्याची सावली काळ्या शाईच्या रेघेसारखी पडते. दुर्बीण हलू देऊ नका, डोळा लावून अर्धा मिनिट थांबा, मग ती रेघ स्थिर दिसते.